अमेरिकेतील स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलनळ्या : गळती, गंज आणि दुरुस्तीचा इतिहास

सारांश

मोटारीच्या इतिहासात शोध, संशोधक, कारखाने आणि विक्री यांना मोठे स्थान मिळाले आहे. मोटार विकत घेतल्यानंतरच्या दहा-वीस वर्षांत ती कोणी, कशी आणि कोणत्या साधनांनी चालती ठेवली, या प्रश्नाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. प्रस्तुत निबंधात स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल थंड करण्यासाठी रेडिएटरपर्यंत नेलेल्या दोन पोलादी नळ्यांचा विचार केला आहे. या नळ्या का आल्या, त्या का गळू लागल्या, गळती दुरुस्त करण्याच्या कोणत्या पद्धती रूढ झाल्या आणि या छोट्या भागाच्या इतिहासातून तंत्रज्ञानाच्या सामाजिक इतिहासाविषयी काय हाती लागते, याचा शोध येथे घेतला आहे.

बीजसंज्ञा : स्वयंचलित गिअरबॉक्स, शीतन-नळी, गंज, रस्त्यावरील मीठ, दुरुस्ती, तंत्रज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे नव्या शोधांचा इतिहास, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. डेव्हिड एजर्टन यांच्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथाने या समजाला आव्हान दिले. समाजाच्या दैनंदिन जीवनात नव्या वस्तूंपेक्षा जुन्या वस्तूंचा वापर, त्यांची देखभाल आणि दुरुस्ती यांचे स्थान फार मोठे असते, हे त्यांनी दाखवून दिले. मोटारीच्या संदर्भात केविन बोर्ग यांनी 'ऑटो मेकॅनिक्स' (२००७) या ग्रंथात अमेरिकेतील मेकॅनिक या व्यावसायिक वर्गाच्या घडणीचा अभ्यास केला, तर कॅथलीन फ्रान्झ यांनी 'टिंकरिंग' (२००५) मध्ये सामान्य मोटारमालकांनी आपल्या गाड्यांत स्वतः केलेल्या फेरबदलांकडे लक्ष वेधले. या अभ्यासांमुळे कारखान्याच्या दाराशी थांबणारा मोटारीचा इतिहास गॅरेजपर्यंत येऊन पोहोचला.

याच दिशेने एक पाऊल पुढे टाकून एखाद्या एका सुट्या भागाचा इतिहास पाहता येतो. त्यासाठी येथे निवडलेला भाग अत्यंत साधा आहे. अमेरिकी मोटारीच्या पोटाखालून, गिअरबॉक्सपासून पुढील रेडिएटरपर्यंत, बोटाएवढ्याही जाडीच्या नसलेल्या दोन नळ्या जातात. एकीतून तापलेले तेल पुढे जाते, दुसरीतून थंड झालेले तेल परत येते. या नळ्यांना चाक नाही, दाता नाही, स्वतःची कोणतीही हालचाल नाही. तरीही त्यांपैकी एकीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, तर संपूर्ण गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो आणि जुन्या गाडीच्या बाबतीत गिअरबॉक्स निकामी होणे म्हणजे अनेकदा गाडीच भंगारात जाणे होय. एवढ्या स्वस्त भागावर एवढ्या महाग यंत्राचे आयुष्य का अवलंबून राहिले, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

१. क्लचपासून सुटका आणि उष्णतेचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटार चालविणे हे कौशल्याचे काम होते. क्लच दाबणे, गिअर बदलणे आणि पुन्हा क्लच हळूहळू सोडणे ही क्रिया शिकण्यास वेळ लागे. इंजिन आणि चाके यांना घट्ट न जोडता द्रवाच्या माध्यमातून जोडण्याची कल्पना मोटारीतून नव्हे, तर जहाजबांधणीतून आली. जर्मन अभियंता हेरमान फॉटिंगर यांनी १९०५ मध्ये अशा द्रवचलित प्रेषणाचे पेटंट मिळविले. जहाजातील वाफेच्या टर्बाइनचा प्रचंड वेग पंख्याला मानवेल इतका कमी करणे हा त्यांचा उद्देश होता. इंग्लंडमध्ये डेम्लर कंपनीने १९३० मध्ये आपल्या मोटारींत द्रव-जोडणी आणली.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या अर्ल थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी द्रव-जोडणी आणि आपोआप बदलणारे चार गिअर यांचा मेळ घातला. १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी, 'हायड्रा-मॅटिक' या नावाने हा गिअरबॉक्स ५७ डॉलर जादा आकारून उपलब्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात एम-५ आणि एम-२४ या हलक्या रणगाड्यांत कॅडिलॅक इंजिनांबरोबर हाच गिअरबॉक्स बसविण्यात आला. युद्धानंतर कंपनीने 'रणांगणावर पारखलेला' अशी त्याची जाहिरात केली.

१९४८ च्या ब्यूइक मोटारींत 'डायनाफ्लो' आला. त्यात साध्या द्रव-जोडणीऐवजी टॉर्क कन्व्हर्टर होता. त्यानंतर १९४९ मध्ये पॅकार्डचा 'अल्ट्रामॅटिक', १९५० मध्ये शेव्हरोलेचा 'पॉवरग्लाइड' आणि १९५१ मध्ये फोर्डचा 'फोर्ड-ओ-मॅटिक' बाजारात आले. १९५६ मध्ये क्रायस्लरच्या 'टॉर्कफ्लाइट'ने तीन गिअर आणि टॉर्क कन्व्हर्टर यांची जी जोड घातली, ती पुढील कित्येक दशके अमेरिकी मोटारींचा आदर्श ठरली. अवघ्या पंधरा-सतरा वर्षांत चैनीची ही वस्तू मध्यमवर्गीय गाडीची नेहमीची सोय बनली.

या सोयीच्या पोटी एक अडचण दडलेली होती. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाला जोडलेले चाक तेल फेकते आणि त्या तेलाच्या माऱ्याने गिअरबॉक्सला जोडलेले दुसरे चाक फिरते. या दोन चाकांच्या वेगांत जितका फरक, तितकी शक्ती वाया जाते आणि ती सर्व उष्णतेच्या रूपाने तेलात उतरते. उदाहरणार्थ, १०० अश्वशक्ती पुढे नेताना कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर १५ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ११ किलोवॅट एवढी उष्णता निर्माण होते. घाट चढताना, मागे ट्रेलर ओढताना किंवा वाहतुकीच्या कोंडीत पुन्हापुन्हा थांबताना हे प्रमाण वाढते. तेलाचे तापमान सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर प्रत्येक ११ अंशांनी वाढत गेले की तेलाचे आयुष्य निम्मे होत जाते, असा या व्यवसायातील जुना ठोकताळा आहे. तेल करपले की क्लचचे अस्तर जळते, रबरी सील कडक होतात आणि गिअर घसरू लागतात.

सुरुवातीच्या काही लहान गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टर हवेनेच थंड केला जात असे. इंजिनांची ताकद वाढत गेली तसा हा उपाय अपुरा पडू लागला. त्यावर रूढ झालेला उपाय असा : रेडिएटरच्या टाकीत एक लहान शीतक बसवायचा, गिअरबॉक्सचे तापलेले तेल नळीने तेथे न्यायचे आणि इंजिनाच्या पाण्याने त्याची उष्णता काढून घ्यायची. रेडिएटर गाडीच्या नाकाशी आणि गिअरबॉक्स आसनांखाली. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठीच त्या दोन नळ्या आल्या. म्हणजेच चालकाच्या डाव्या पायाचे श्रम वाचले, त्याच्या मोबदल्यात गाडीच्या पोटाखाली एक नवी कमकुवत जागा निर्माण झाली.

२. नळीची घडण

या नळ्यांचा बाह्य व्यास सामान्यतः ५/१६ किंवा ३/८ इंच असतो. अमेरिकेत ब्रेक, इंधन आणि तेल यांसाठी जी पोलादी नळी सर्वत्र वापरली गेली, तिचे नाव डेट्रॉइटच्या बंडी कंपनीशी जोडले गेले आहे. १९२० च्या दशकात उदयास आलेल्या या पद्धतीत तांब्याचा मुलामा दिलेली पातळ पोलादी पट्टी दोनदा गुंडाळून तिची दुहेरी भिंतीची नळी करतात आणि भट्टीत तांबे वितळवून थर एकजीव करतात. अशी नळी कंपनांना टिकते, हवी तशी वाकविता येते आणि स्वस्तही पडते. बाहेरून तिला शिसे-कथिलासारखा संरक्षक मुलामा देत. पुढे त्याची जागा जस्त आणि प्लास्टिकच्या लेपांनी घेतली.

नळी जोडण्याची विद्या मेकॅनिकांना नवी नव्हती. १९२० च्या दशकापासून द्रवचलित ब्रेक येऊ लागले होते आणि फोर्डने १९३९ च्या मॉडेलपासून ते स्वीकारले. त्यामुळे नळीचे तोंड फुलवून नटाने आवळण्याची कला, जिला व्यवसायात फ्लेअर करणे म्हणतात, गॅरेजमध्ये आधीच रुजली होती. मोटारीसाठी ४५ अंशांचा फ्लेअर हे प्रमाण ठरले, तर दुसऱ्या महायुद्धातील विमानांमुळे ३७ अंशांची पद्धत प्रचारात आली. दोन्हींची अदलाबदल केल्यास सांधा वरकरणी बसतो, पण गळतो. गॅरेजमधील शिकाऊ मुलाला सर्वप्रथम शिकविल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी ही एक होय.

तेलनळी आणि ब्रेकची नळी दिसायला सारखी असली तरी त्यांच्या कामात मोठा फरक आहे. ब्रेकच्या नळीत दर चौरस इंचाला १,००० पौंडांहून अधिक दाब येऊ शकतो. शीतन-नळीतील दाब सामान्यतः त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही नसतो. म्हणूनच ब्रेकच्या बाबतीत जे जोडकाम जीवघेणे ठरेल, ते शीतन-नळीच्या बाबतीत चालून जाते. दुरुस्तीच्या पुढील सर्व इतिहासाचे मूळ या फरकात आहे : कमी दाबामुळे तात्पुरत्या उपायांना वाव मिळाला आणि तात्पुरते उपायच अनेकदा कायमचे होऊन बसले.

३. मीठ, गंज आणि भूगोल

नळी गळण्याची कारणे अनेक असली तरी अमेरिकेच्या उत्तर भागात गंज हे प्रमुख कारण होय आणि या गंजाचा इतिहास रस्त्यांच्या इतिहासाशी जोडलेला आहे. हिवाळ्यात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याचे सर्वसाधारण धोरण स्वीकारणारे पहिले राज्य न्यू हॅम्पशायर होते. १९४१-४२ च्या त्या हिवाळ्यात देशभरातील महामार्गांवर सुमारे ५,००० टन मीठ पडले. युद्धानंतर महामार्गांचे जाळे पसरले, उपनगरे वाढली आणि रस्ता बारमाही मोकळा असावा ही अपेक्षा रूढ झाली. १९८० च्या दशकात हे प्रमाण वर्षाला सुमारे एक कोटी टनांवर पोहोचले होते.

येथे एक योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. स्वयंचलित गिअरबॉक्सचा प्रसार आणि रस्त्यांवरील मिठाचा प्रसार ही दोन्ही एकाच काळातील घटिते आहेत. मोटार चालविणे सोपे झाले आणि हिवाळ्यातही ती चालविणे शक्य झाले. दोन्ही सोयींचा भार गाडीखालच्या पोलादी नळीवर येऊन पडला. मिठाचे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने लोखंडावरील गंजक्रिया वेगाने होते. नळीला जागोजागी धरून ठेवणाऱ्या चिमट्यांच्या आड चिखल आणि मीठ साचते, मुलामा खरवडला जातो आणि नेमका तेथेच गंज खोल उतरतो. त्यामुळे वरून धडधाकट दिसणारी नळी चिमटा काढताच तुटते, हा उत्तरेकडील मेकॅनिकांचा नित्याचा अनुभव आहे. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यात त्याच वर्षीच्या, त्याच बनावटीच्या गाडीची नळी कित्येक दशके शाबूत राहू शकते. एकाच यंत्राचे आयुष्य प्रदेशपरत्वे किती बदलते, याचे हे बोलके उदाहरण होय.

४. तेलाचा बदल आणि शीतकाचा गंज

गळती केवळ बाहेरून येणाऱ्या मिठामुळे होत नाही. काही वेळा ती आतून, म्हणजे तेलामुळेच उद्भवते. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये स्वयंचलित गिअरबॉक्ससाठी 'टाइप ए' या तेलाचे प्रमाण निश्चित केले आणि १९६७ मध्ये 'डेक्सरॉन' हे नाव प्रचारात आणले. या तेलांत घर्षणाचे नियमन करण्यासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलापासून केलेला घटक वापरला जात असे. क्लचची पकड धक्का न बसता व्हावी, यासाठी तो अत्यंत उपयुक्त होता.

देवमाशांची अनिर्बंध शिकार झाल्याने अमेरिकी शासनाने १९७० मध्ये स्पर्म देवमाशाचा समावेश संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत केला आणि १९७३ च्या कायद्याने हे संरक्षण अधिक दृढ झाले. तेल-उत्पादकांना पर्यायी रसायने शोधावी लागली. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात आलेल्या 'डेक्सरॉन-दोन'च्या आरंभीच्या आवृत्तीने शीतकातील सांध्यांचा डाख गंजविला. त्यामुळे गंजरोधक द्रव्य घातलेली 'डी' ही सुधारित आवृत्ती काढावी लागली.

या प्रसंगाकडे केवळ रसायनशास्त्रातील चूक म्हणून पाहणे अपुरे ठरेल. देवमाशाचे संरक्षण हा योग्यच निर्णय होता. परंतु उद्योगाने दोन-अडीच दशके एका वन्य प्राण्याच्या शरीरावर आपली सोय उभी केली होती आणि पर्याय शोधण्याची वेळ आली, तेव्हा ती किंमत काही अंशी सामान्य मोटारमालकाच्या रेडिएटरमधून वसूल झाली.

शीतक आतून फुटला तर होणारी हानी बाहेरच्या गळतीपेक्षा गंभीर असते. तेल आणि रेडिएटरचे पाणी एकमेकांत मिसळून गुलाबी रंगाचे, दुधासारखे मिश्रण तयार होते. पाण्यातील ग्लायकॉलमुळे क्लचचे अस्तर चिकटवून ठेवणारा गोंद सुटू लागतो. बाहेरील गळतीचा डाग निदान जमिनीवर दिसतो. ही आतील गळती मात्र रेडिएटरचे झाकण उघडून पाहीपर्यंत दिसत नाही.

५. लिव्होनियाची आग : एक प्रसंग

तेल आणि उष्णता यांची सांगड किती घातक ठरू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण रस्त्यावर नव्हे, तर कारखान्यातच घडले. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगन राज्यातील लिव्होनिया येथील हायड्रा-मॅटिकचा विस्तीर्ण कारखाना आगीत भस्मसात झाला. धातू कापण्याच्या ज्योतीतून उडालेल्या ठिणगीने वाहक-पट्ट्याखाली ठिबकणारा ज्वालाग्राही द्रव गोळा करणाऱ्या तबकात पेट घेतला. छतावरील डांबर वितळून खाली गळू लागले आणि आग सर्वत्र पसरली. या दुर्घटनेत प्राणहानीही झाली.

हायड्रा-मॅटिकचा पुरवठा खंडित होताच कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलच्या काही गाड्यांत ब्यूइकचा डायनाफ्लो, तर पॉन्टियॅकच्या गाड्यांत पॉवरग्लाइड बसविण्याची पाळी आली. जनरल मोटर्सने विलो रन येथील कारखाना ताब्यात घेऊन उत्पादन पुन्हा सुरू केले. याच ठिकाणी युद्धकाळात फोर्डने बी-२४ बॉम्बफेकी विमाने बांधली होती. विलो रन येथे गिअरबॉक्सचे उत्पादन २०१० पर्यंत चालले. या आगीनंतर मोठ्या कारखान्यांच्या छतांची रचना, अग्निरोधक भिंती आणि पाणी-फवारे यांविषयी अमेरिकेत गांभीर्याने विचार झाला. मोटारीच्या पातळीवरही धडा तोच आहे. नळीतून गळणारे तेल तापलेल्या धुराच्या नळकांड्यावर पडल्यास पेट घेऊ शकते. म्हणून शीतन-नळीची गळती केवळ खर्चाची बाब नसून सुरक्षिततेची बाब आहे.

६. दुरुस्तीच्या पद्धती

गिअरबॉक्स दुरुस्ती हे स्वतंत्र कौशल्य आहे, याची जाणीव लवकरच झाली. १९५४ मध्ये या व्यवसायातील दुरुस्तीकारांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. परंतु नळीची दुरुस्ती तज्ज्ञांपुरती मर्यादित राहिली नाही. ती सामान्य गॅरेजमध्ये आणि घराच्या अंगणातही होत राहिली. या पद्धतींचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

पहिला प्रकार म्हणजे संपूर्ण नळी बदलणे. कारखान्याने वाकवून दिलेली तयार नळी मिळाल्यास हा उत्तम मार्ग होय. मात्र गाडी जुनी झाली की तयार नळी मिळेनाशी होते. तेव्हा मेकॅनिक सरळ नळी आणून जुन्या नळीबरहुकूम वाकवितो. नळी कातरीने वा करवतीने न तोडता गोल फिरणाऱ्या कटरने कापणे, आतील कंगोरे साफ करणे, तोंड फुलविण्यापूर्वी नट आठवणीने नळीत ओवणे आणि मगच दुहेरी फ्लेअर करणे, असा हा क्रम आहे. रेडिएटरकडील सांधा सोडविताना दोन पाने वापरावे लागतात : एकाने शीतकाचा नट स्थिर धरायचा, दुसऱ्याने नळीचा नट फिरवायचा. हा नियम मोडला तर नळीबरोबर शीतकही पिळवटतो आणि शंभर रुपयांच्या जागी दहा हजारांचे काम उभे राहावे, तशी गत होते.

दुसरा प्रकार म्हणजे गंजलेला तुकडा कापून तेथे रबरी होज घालणे. कमी दाबामुळे हे शक्य होते. पण त्यासाठीही शिस्त लागते. पोलादी नळीच्या टोकाला उंचवटा काढावा लागतो, अन्यथा होज निसटते. होज तापलेल्या गिअर-तेलासाठीच बनविलेली असावी लागते. पेट्रोलची साधी होज उष्णतेने फुगते आणि तडकते. अमेरिकी वाहन अभियंत्यांच्या संस्थेने शीतन-होजसाठी 'जे १५३२' हे स्वतंत्र प्रमाण ठरविले आहे, यावरून या भागाचे महत्त्व ध्यानात येते.

तिसरा प्रकार म्हणजे धातूच बदलणे. शुद्ध तांब्याची नळी वाकविण्यास सोपी असली तरी सततच्या कंपनांनी ती कडक होऊन तडकते. त्याऐवजी सुमारे नव्वद टक्के तांबे आणि दहा टक्के निकेल असलेली मिश्रधातूची नळी अधिक योग्य ठरली. व्होल्वो कंपनीने १९७६ पासून ब्रेकसाठी तिचा वापर सुरू केला. ती गंजत नाही, हाताने वाकते आणि सहज फ्लेअर होते. दुरुस्तीच्या क्षेत्राने ती आपलीशी केली. दुरुस्त केलेली नळी मूळ नळीपेक्षा अधिक टिकाऊ ठरण्याची उदाहरणे त्यामुळेच दिसतात.

चौथा प्रकार शीतकाला वळसा घालण्याचा आहे. रेडिएटरमधील शीतकावर विसंबून न राहता गाडीच्या पुढे हवेने थंड होणारा स्वतंत्र शीतक बसवितात. ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांत हा उपाय विशेष रूढ झाला. २००५ ते २०१० या काळातील निसानच्या काही गाड्यांत रेडिएटरमधील शीतक फुटून पाणी गिअरबॉक्समध्ये शिरल्याच्या तक्रारी आल्या, कंपनीने रेडिएटरची हमी वाढविली आणि प्रकरण न्यायालयातही गेले. त्या गाड्यांच्या मालकांपैकी अनेकांनी हाच मार्ग अवलंबिला.

दुरुस्तीइतकेच निदानही महत्त्वाचे असते. वाऱ्याच्या झोताने तेल मागे उडत असल्याने डाग जेथे दिसतो तेथे गळती असतेच असे नाही. म्हणून गाडीचा तळ आधी धुऊन कोरडा करतात, इंजिन चालू ठेवून तेल तापू देतात आणि मग सर्वांत उंच व सर्वांत पुढील ओला बिंदू शोधतात. तेलाचा तांबडा रंग येथे उपयोगी पडतो. इंजिनाचे तेल आणि रेडिएटरचे पाणी यांपासून तो वेगळा ओळखू येतो. काम संपल्यावर तेलाची पातळी इंजिन चालू असताना आणि तेल तापलेले असताना तपासावी लागते. थंड गाडीवर घेतलेले माप फसवे ठरते.

७. रचनेतील बदल आणि ज्ञानाचा प्रश्न

१९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीला महत्त्व आले. क्रायस्लरने १९७८ च्या गाड्यांत कन्व्हर्टर यांत्रिकरीत्या जखडणारी रचना पुन्हा आणली. त्यामुळे समगतीने धावताना घसरण थांबली आणि उष्णताही घटली. दुसरीकडे, कारखान्यातील जोडणी वेगाने व्हावी म्हणून फ्लेअर नटाऐवजी खटकन बसणारे जोड आणि अखंड पोलादी नळीऐवजी मध्ये दाबून बसविलेली रबरी होज यांचा वापर वाढला. या जोडांतील रबरी कडी आणि होजवरील दाबलेली पट्टी ही गळतीची नवी ठिकाणे बनली. फ्लेअर पुन्हा आवळता येतो. दाबून बसविलेला सांधा मात्र आवळता येत नाही, तो कापूनच टाकावा लागतो. जोडणीच्या वेळी वाचलेली मिनिटे दुरुस्तीच्या वेळी तासांच्या रूपाने परत आली.

याहून महत्त्वाचा बदल तेल तपासण्याच्या पट्टीबाबत झाला. पूर्वी मालक स्वतः पट्टी काढून तेलाची पातळी, रंग आणि वास पाहू शकत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक कंपन्यांनी ही पट्टीच काढून टाकली आणि तेल 'आयुष्यभरासाठी' असल्याचे सांगितले. परिणामी हळूहळू झिरपणारी गळती मालकाच्या लक्षात येण्याचा मार्ग बंद झाला. आयुष्यभर म्हणजे नेमके कोणाचे आयुष्य, पहिल्या मालकाचे की गाडीचे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. अमेरिकेतील मोटारींचे सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षे होते. याचा अर्थ रस्त्यावरील असंख्य गाड्या दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत आणि त्या मालकांकडे नव्या गाडीसाठी पैसा असतोच असे नाही. कामावर जाण्यासाठी गाडीवाचून पर्याय नसलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने गिअरबॉक्स वाचणे म्हणजे नोकरी वाचणे होय.

मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये झालेल्या सार्वमतात सुमारे ८६ टक्के मतदारांनी वाहनदुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. तो कायदा मुख्यत्वे संगणकीय निदानाच्या माहितीसंबंधी होता. नळ्यांशी त्याचा थेट संबंध नव्हता. परंतु त्यामागील प्रश्न तोच आहे : विकत घेतलेल्या यंत्राचे अंतरंग जाणण्याचा अधिकार कोणाचा?

८. भारतीय संदर्भ

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारजोडणी सुरू केली आणि १९५४ मध्ये ती थांबविली. अमेरिकेत स्वयंचलित गिअरबॉक्सचा प्रसार याच कालखंडाच्या उत्तरार्धात झाला; भारतात मात्र पुढील कित्येक दशके हाताने बदलावयाचा गिअरच रूढ राहिला. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओने स्वयंचलितपणा सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणला, तो वेगळ्या मार्गाने. त्यात नेहमीचाच गिअरबॉक्स आणि कोरडा क्लच असून ते चालविण्याचे काम यंत्रणा करते. टॉर्क कन्व्हर्टर नसल्याने तेल रेडिएटरपर्यंत नेण्याची गरजच उरत नाही. अमेरिकेने धक्का न बसणाऱ्या प्रवासासाठी स्वीकारलेला गुंतागुंतीचा मार्ग आणि किंमत व दुरुस्ती यांचा विचार करून निवडलेला हा साधा मार्ग, यांतील फरक तौलनिक अभ्यासास योग्य आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. शीतन-नळी हा स्वयंचलित गिअरबॉक्सचा दुय्यम भाग नसून त्याने दिलेल्या सोयीची अपरिहार्य किंमत आहे. चालकाचे श्रम नाहीसे झाले नाहीत. ते उष्णतेच्या आणि देखभालीच्या रूपाने दुसरीकडे सरकले.

२. गळतीची कारणे केवळ यांत्रिक नाहीत. रस्त्यांवरील मिठाचे धोरण, देवमाशाच्या संरक्षणाचा कायदा, इंधनटंचाई आणि कारखान्यातील जोडणीचा वेग या सर्वांच्या खुणा या नळीवर उमटल्या आहेत.

३. दुरुस्ती ही मूळ रचनेची केवळ पुनरावृत्ती नसते. स्वतंत्र शीतकाचा वापर आणि गंज न लागणाऱ्या मिश्रधातूची निवड यांतून मूळ रचनेतील उणिवा दुरुस्तीकारांनी भरून काढल्या. त्या अर्थाने दुरुस्ती हीदेखील नवनिर्मिती होय.

४. तपासणीची साधने काढून घेतल्याने यंत्र अधिक विश्वसनीय होत नाही. त्याचे दोष केवळ उशिरा दिसतात. या उशिराचा भुर्दंड बहुधा जुनी गाडी वापरणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या मालकास सोसावा लागतो.

शोधाचे श्रेय ज्या तत्परतेने नोंदविले जाते, त्या तत्परतेने दुरुस्तीचे श्रम नोंदविले गेले नाहीत. फॉटिंगर आणि थॉम्पसन यांची नावे इतिहासाला ज्ञात आहेत. गोठलेल्या जमिनीवर पाठ टेकून गंजलेला नट सोडविणाऱ्या आणि त्यायोगे कोणाची तरी गाडी आणखी पाच वर्षे चालती ठेवणाऱ्या हातांची नावे मात्र कोठेही लिहिली गेली नाहीत. तंत्रज्ञानाचा इतिहास परिपूर्ण व्हावयाचा असेल, तर त्या हातांचे काम समजून घेणे अगत्याचे आहे.